तयार खेळाडू नावाची अफवा

फलटण परिसरात खेळाडू कमी नाहीत, आणि खेळाडूंवर मत देणारे तर ग्राउंडच्या चारी बाजूंना बसलेले असतात. कबड्डीची मॅट असो, खो-खोचे खांब असोत की जत्रेतला कुस्तीचा फड, या मंडळींचं अलीकडे एका बाबतीत एकमत झालं आहे. कच्च्या पोरावर वेळ घालवायचा नाही. दोन हंगाम द्यायचे, निकाल बघायचा, नाहीतर सरळ नारळ द्यायचा.

हे मत सांगताना आवाजात एक खास जाणकारी असते. आधी पाळण्यातल्या पायांची म्हण येते. मग ‘खेळ आता प्रोफेशनल झालाय’ हे वाक्य येतं. मग कुठल्या लीगच्या लिलावात कोणावर किती कोटींची बोली लागली ते येतं. आणि शेवटी, समोरच्याचं तोंड बंद करायला, प्रश्न येतो: ‘तयार माल मिळतोय, तर कच्चा सांभाळायचा कशाला? आणि सांभाळायचा तर किती दिवस?’

या मताला त्याची पूर्ण ताकद देऊनच पुढे जाऊ. जागा मोजक्या, पैसा मोजका, प्रशिक्षकाचा वेळ तर त्याहून मोजका. तो एका न फुलणाऱ्या पोरावर खर्च केला की फुलणाऱ्या दुसऱ्याचं नुकसान होतं. गुणवत्ता असेल तर ती लवकर दिसते. दिसत नाही, याचा अर्थ ती नाही. धंद्यात भावनेला जागा नसते. आणि धीर धरणं म्हणजे आपली निवड चुकली हे कबूल न करण्याची सभ्य पद्धत. ऐकायला बिनतोड वाटतं. अडचण एवढीच की यातलं प्रत्येक कलम फलटण तालुक्याची वेस ओलांडायच्या आतच गळून पडतं.

कारण याच तालुक्यात सरडे नावाचं गाव आहे आणि त्या गावात प्रवीण जाधव जन्मला. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी पोराला आधी धावायला लावलं. पोरगं धावताना गळून जायचं, कारण पोटात पुरेसं अन्नच नव्हतं. पाळण्यातले पाय बघणाऱ्यांनी इथे काय पाहिलं असतं? अशक्त पाय. शेरा मारून पुढचा पोरगा बोलावला असता. भुजबळ सरांनी शेरा मारला नाही, खाण्याची सोय बघितली. पुढे क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली, धावणं सुटलं आणि हातात धनुष्य आलं.

इथे गोष्ट संपून पदकाला सुरुवात व्हायला हवी होती, पण तसं झालं नाही. प्रबोधिनीतही तो मागेच पडला. कारण समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा जवळून बघू. ऑलिम्पिकमधलं लक्ष्य सत्तर मीटरवर असतं. मधलं दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेबारा सेंटिमीटरहूनही लहान. धनुष्याची दोरी ओढून हनुवटीखाली आणायची, खांदा स्थिर ठेवायचा, मग बाण सोडायचा. सोडताना हातात एक मिलिमीटरचा फरक पडला तर लक्ष्यावर तो जवळपास दहा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे दहाचे नऊ किंवा आठ. ज्याच्या खांद्यात धनुष्याचा ताण पेलायचं बळच अजून आलेलं नाही, त्याचा हात थरथरणार आणि बाण विखुरणार. याला गुणवत्तेचा अभाव म्हणायचं की स्नायूंचा? आणि स्नायू दोन हंगामांची मुदत बघून वाढतात का?

प्रवीणलाही नारळ द्यायचं जवळपास ठरलं होतं. पुन्हा शिक्षकच आडवे आले आणि एक शेवटची संधी मिळाली. पाच बाणांची. पोरगा पन्नासपैकी पंचेचाळीसच्या पुढे गेला. ती पाच बाणांची चाचणी त्या दिवशी झाली नसती तर? २०१९ साली नेदरलँड्समधल्या डेन बॉश इथे अतनू दास, तरुणदीप राय आणि प्रवीण जाधव यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवलं आणि भारतीय पुरुष संघाचं टोकियोचं तिकीट पक्कं केलं. पुरुषांच्या रिकर्व्ह (म्हणजे ऑलिम्पिकमधल्या धनुष्याच्या) संघाला असं पदक त्याआधी मिळालं होतं ते २००५ मध्ये. चौदा वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या तिघांत एक जण असा होता, ज्याला आपल्या जाणकारांच्या हिशेबाने कधीच घरी पाठवायला हवं होतं.

टोकियोत काय झालं तेही बघा, कारण उतावळ्यांचा खरा चेहरा तिथे दिसला. मानांकन फेरीत प्रवीण ६५६ गुणांनी ३१वा आला, अतनू दास ३५वा. साहजिकच मिश्र दुहेरीत दीपिका कुमारीबरोबर प्रवीण उतरला. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून दोघं हरले आणि लगेच हाकाटी सुरू झाली: अतनू-दीपिका ही जमलेली जोडी फोडून नवखा पोरगा का घातला? ज्या कोरियन जोडीकडून ते हरले तिनेच पुढे सुवर्ण जिंकलं, हे सांगायला कोणी थांबलं नाही. चारच दिवसांनी त्याच नवख्या पोराने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियाच्या गाल्सान बाझार्झापोवला ६-० असं सरळ हरवलं. पुढच्या फेरीत अव्वल क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनने त्याला तसंच हरवलं, हेही खरं. पण क्रमवारीतल्या दुसऱ्याला एकही संच न देणारा हा तोच, ज्याचा हात एकेकाळी थरथरत होता. ‘असेल तर दिसेलच’ म्हणणाऱ्यांना विचारायला हवं: दिसेल, पण केव्हा? आणि तुम्ही बघत असाल तेव्हाच दिसायला हवं का?

एकच उदाहरण घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. मग शेजारच्या माण तालुक्यात जाऊ. मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आलेली धावपटू. जाणकारांनी तिच्यावर ‘लांब पल्ल्याची’ असा शिक्का मारून विषय मिटवला असता. तिने स्टीपलचेज हा अडथळ्यांचा आणि पाण्याच्या उडीचा प्रकार गंभीरपणे घेतला तेव्हा ती पंचविशीला आली होती. २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ मध्ये आशियाई विजेतेपद, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी भारताची मुलगी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत धावली. जो प्रकार तिला तिथवर घेऊन गेला, तो पाळण्यात सोडाच, विसाव्या वर्षीही तिच्या नावापुढे नव्हता.

आता ‘प्रोफेशनल’ हा शब्द. तो आला की समोरचा गप्प बसेल, अशी या मंडळींची खात्री असते. तेव्हा व्यावसायिक खेळाचाच हिशेब काढू. प्रो कबड्डीत पुणेरी पलटणने काय केलं? वर्षानुवर्षं मोठी नावं घेऊन हात पोळल्यावर तरुण पोरांचा गाभा धरला आणि तो हंगामागून हंगाम टिकवला. टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार आठव्या हंगामात आला, आणि दहाव्या हंगामात तोच कर्णधार होता. नवव्या हंगामात संघ अंतिम फेरीत जयपूरकडून हरला. आपल्याकडच्या एखाद्या संघचालकाने त्याच रात्री निम्मा संघ बदलला असता. त्यांनी तो ठेवला. १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पलटणने पहिलं विजेतेपद घेतलं, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम.

इथे लगेच हात वर होईल: ‘त्याच हंगामात त्यांनी इराणच्या शादलूवर दोन कोटी पस्तीस लाख मोजले, ते विसरलात का? आणि पुढच्या वर्षी शादलू हरियाणाकडे गेला तर हरियाणा जिंकलं!’ मुळीच विसरलो नाही. शादलू जिथे गेला तिथे त्याच्या आजूबाजूला काय होतं, ते मात्र तुम्ही विसरलात. पुण्यात होता तरुण गाभा. हरियाणात जयदीप दहिया आणि राहुल सेठपालसारखे संघातच वाढलेले बचावपटू होते, आणि तो संघ शादलू येण्याआधीच अंतिम फेरीपर्यंत पोचलेला होता. महागडा खेळाडू शेवटची पायरी चढवून देतो, खालच्या पायऱ्या कोणीतरी आधी बांधलेल्या असाव्या लागतात. आणि पलटण? शादलू गेल्यावर एक हंगाम पडला, पण बाराव्या हंगामात संघ पुन्हा अंतिम फेरीत होता. चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या. याला भावनिकपणा म्हणतात का?

क्रिकेट हवंय? ऋतुराज गायकवाडला चेन्नईने २०१९ च्या हंगामासाठी वीस लाखांत घेतलं आणि ते वर्ष त्याला बाकावर बसवलं. २०२० मध्ये पहिल्या तीन डावांत त्याने ०, ५ आणि ० केल्या. आपल्या कट्ट्यावर या तीन आकड्यांनंतर चौथ्याची वाट कोणी पाहिली असती? पुढचे तीन डाव: नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. पुढच्या वर्षी ६३५ धावा, स्पर्धेत सर्वाधिक, आणि संघाला विजेतेपद. चेन्नईच्या मालकांनी हे दयेपोटी केलं, असं समजणाऱ्याने ही मंडळी तेव्हा सिमेंटचा धंदा करत होती, हे लक्षात घ्यावं.

आणि जिथून हा ‘ड्राफ्ट’ वगैरे शब्दांचा रुबाब आपल्याकडे आला, त्या अमेरिकेचं काय? तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दरवर्षी बत्तीस संघ महाविद्यालयांतले खेळाडू सात फेऱ्यांत वाटून घेतात. २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर, जॉर्डन मायलाटा नावाचा पोरगा उचलला. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणारा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो आयुष्यात खेळला नव्हता. यापेक्षा कच्चं काय असू शकतं? दोन वर्षं तो एकाही सामन्यात उतरला नाही. प्रशिक्षकाने पाय कुठे ठेवायचा इथपासून शिकवलं. तिसऱ्या वर्षी तो मैदानात आला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल हा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाची डावी बाजू तो सांभाळत होता. ग्रीन बे या संघाने तर जॉर्डन लव्हला पहिल्या फेरीत घेऊन तीन वर्षं दुसऱ्याच्या मागे बसवलं आणि मग संघाच्या चाव्या त्याच्या हाती दिल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत लीगमध्ये, जिथे एका हरण्याने प्रशिक्षकाची नोकरी जाते, तिथे हे चालतं. आणि आमच्या तालुक्यातल्या चषकाच्या संघचालकाला मात्र धीर परवडत नाही!

आता येतो सगळ्यात लाडका मुद्दा: तयार खेळाडू स्वस्त पडतो. मला एक सांगा, हा तयार खेळाडू उगवतो कुठे? त्याचं झाड कुठे असतं? तुम्ही ज्याला तयार म्हणता, त्याला कोणीतरी कच्चा असताना सांभाळलेला असतो. कोणी शिक्षक स्वतःच्या पगारातून अंडी-दूध देतो, कोणी आई मजुरीचे पैसे बाजूला काढते, कोणी प्रशिक्षक अंधार पडेपर्यंत थांबतो. तुम्ही शेवटी येता, बोली लावता आणि छातीवर हात ठेवून सांगता की आम्ही भावनेवर चालत नाही. चालताच. फक्त ती भावना दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली असते. धीर कोणीतरी धरलाच आहे. तुम्ही त्याची किंमत द्यायचं टाळलं आहे.

खाशाबा जाधवांचं नाव घेताना आपली छाती फुगते, म्हणून त्यांचाच हिशेब बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ ला लंडनला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे सहावा आला. घडण मातीतली, कुस्ती मॅटवरची. आजच्या निकषांनी सहावा म्हणजे काय? खर्च वाया, पुढचा बोलवा. पण १९५२ मध्ये तोच मल्ल हेलसिंकीला जावा म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मग शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीत गाडी जुंपायला अख्खा तालुका होता. घराचे कागद ठेवायला एकच माणूस होता. गेल्या सत्तर वर्षांत हे प्रमाण बदललं का? बैलगाड्यांच्या जागी फ्लेक्स आले, एवढंच.

खरं तर फलटणला धीर शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. याच गावातल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली खुजी गारोळ मेंढी आणली, आपल्या दख्खनी मेंढीशी तिचा संकर केला आणि जुळी कोकरं देणारी ‘सुवर्णा’ मेंढी पिढ्यामागून पिढ्या निवडून घडवली. पहिल्या वेताला जुळं झालं नाही म्हणून कोणी कळप बाजारात नेला नाही. मेंढीच्या बाबतीत जी अक्कल या मातीला आहे, ती पोराच्या बाबतीत कुठे जाते?

‘पण किती दिवस?’ हा प्रश्न उरतो. प्रश्न रास्त आहे, तो विचारणारे मात्र उत्तराची वाट बघत नाहीत. धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. तसं करणाऱ्या अकादम्या आहेत, त्यांना खुशाल कुलूप लावा. धीर हे मोजून करायचं काम आहे, आणि काय मोजायचं ते पदकाच्या खूप आधी ठरवावं लागतं. धनुर्धराचं धनुष्य गेल्या सहा महिन्यांत किती पौंडांनी जड झालं? त्याचे सहा बाण किती जागेत बसतात, आणि ती जागा आकुंचतेय का? चढाईपटूचा बोनसला जाणारा पाय गेल्या वर्षापेक्षा लवकर परततो का? पोराचं वजन वाढलं का, झोप होते का, दुखापत पुन्हा उलटली का? हे आकडे वर सरकत असतील तर गुणफलक आज ना उद्या मागून येतो, कारण सुधारणा गुणफलकावर सगळ्यात शेवटी दिसते. हे आकडेच थांबले असतील, तर पोराशी बसून बोला आणि सन्मानाने दुसरी वाट दाखवा. किती संघचालकांकडे अशी एक तरी वही आहे? वही नसलेल्याला ‘दोन वर्षं पुरे’ म्हणायचा अधिकार कोणी दिला? दोन वर्षं त्याने पोराला दिलीच कुठे? फक्त त्याच्याकडे बघण्यात घालवली.

राहिला लाडाचा आरोप. धीर धरला की पोरं शेफारतात म्हणे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत आला. ऑलिम्पिकला पोचला २०२४ मध्ये, पॅरिसला, आणि नेमबाजीत कांस्य घेऊन आला. मधली पंधरा वर्षं लाडात गेली, असं त्याच्या तोंडावर म्हणून दाखवा. आटपाडीजवळच्या करगणीचा सचिन खिलारी पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य जिंकला तेव्हा चौतिशीत होता. धीर मिळालेल्या माणसाचे कष्ट कमी होत नाहीत. उलट उद्या बाहेर काढतील ही धाकधूक गेली की तो पायाचं काम करतो. धाक असला की फक्त पुढच्या सामन्यापुरतं सजतो. दुखापत लपवणारी, वयाचे दाखले बदलणारी, मुदतीत निकाल लावायला नको ते औषध घेणारी पोरं तयार होतात ती या दोन वर्षांच्या धाकातूनच.

आणि या सगळ्या कठोरपणाची किंमत भरतो कोण? ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याला एका अकादमीने काढलं तर तो पुण्यात दुसरी गाठतो, नवं धनुष्य घेतो, खासगी प्रशिक्षक लावतो. त्याचा धीर घरातच विकत घेतलेला असतो. मजुराच्या पोराला काढलं की ते सरळ शेताच्या बांधावर जातं आणि तिथून परत येत नाही. म्हणजे तुमची ती निष्पक्ष, व्यावसायिक चाळणी प्रत्यक्षात एकच गोष्ट चाळते: ऐपत. याच तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके हॉकीत भारताकडून खेळली, सरड्याचा प्रवीण ऑलिम्पिकला गेला. त्यांच्या बरोबरीने निघालेल्या आणि पहिल्या नापास चाचणीला कोणी आडवं न आलेल्या किती पोरांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत, याचा हिशेब जाणकारांनी एकदा मांडावा.

प्रत्येक कच्चा पोरगा खेळाडू होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. बहुतेक होत नाहीत. पण जे होतात ते सगळे, एकूण एक, कधीतरी कच्चे होते आणि कोणीतरी थांबलं म्हणून झाले. तेव्हा ‘कच्च्यावर वेळ घालवू नका’ याचा सरळ अर्थ ‘खेळाडू घडवू नका, दुसऱ्याने घडवलेला पळवा’ एवढाच होतो. पळवायचा असेल तर पळवा, पण त्याला व्यवहारज्ञान म्हणू नका. आणि ज्यांना खरंच घडवायचे आहेत त्यांनी आजपासून वही ठेवावी, प्रशिक्षकाला पूर्ण पगार द्यावा, पोराच्या ताटात अंडी आणि डाळ आहे का ते बघावं, आणि त्याला नारळ देण्याआधी पाच बाण मारू द्यावेत. एवढंही करायची तयारी नसेल, तर पदक आल्यावर फ्लेक्सवर फोटो टाकायलाही येऊ नये.